ऋतिकची हजेरी

ही घटना खरी आहे. माझ्या मावसभावाच्या, संघर्षच्या बाबतीत घडलेली. भुताखेतांच्या गोष्टींत रात्र असते. इथे भर दुपार होती. घाटंजीजवळचं एक गाव, मे महिना, आणि सीमेवर लढाई पेटलेली.

लढाईमुळे संघर्षच्या तुकडीचं प्रशिक्षण घाईनं उरकलं होतं. नेमणुकीआधी जेमतेम सुट्टी मिळाली. नेरला स्वतःच्या घरी न जाता तो आधी ऋतिकच्या घरी गेला. ऋतिकची सामानाची काळी पेटी पोचवायची होती.

प्रशिक्षणात प्रत्येकाला एक जोडीदार देतात. संघर्षचा जोडीदार ऋतिक. एकाच जिल्ह्याचे, म्हणून.

ऋतिक उन्हानं गेला, एवढंच त्याच्या घरी कळलं होतं.

बाकीचं फक्त संघर्षला माहीत होतं.

त्या सकाळी ऋतिकला ताप होता. "दवाखान्यात गेलो तर मांगच्या तुकडीत ढकलतीन बे. हजेरीत तूच बोल माह्यासाठी," असं म्हणून तो बराकीच्या भिंतीमागच्या निंबाखाली आडवा झाला.

त्याचं नाव पुकारलं गेलं. मागच्या रांगेतून संघर्षनं आवाज जाड करून उत्तर दिलं, "हाजिर, साब!"

संख्या जुळली. म्हणून कोणी शोधलं नाही.

संघर्ष सरावाहून परतला तेव्हा निंबाची सावली सरकली होती.

ऋतिक उन्हात होता.

"काहून रे बाप्पा, एवढा वाळला? फौज जेवू घालत नाही का तुमची?" संघर्षनं ओसरीत पेटी ठेवताच ऋतिकची आई, तानाबाई, हसून म्हणाली.

तिच्या हसण्याचंच त्याला भय वाटलं.

तिनं दोन ताटं वाढली. मग आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "ऋतिक! जेवाले ये!"

संघर्षचा घास हातातच राहिला.

वीज गेलेली. पंखा बंद. अंगणातल्या कोंबड्याही अचानक गप्प झाल्या...

आणि आतून उत्तर आलं.

"हाजिर, साब!"

तो धावत आत गेला. रिकामी खाट. हार घातलेला फोटो. मागच्या दाराला आतून कडी.

कोणी नव्हतं.

"तेरवीपासून रोज येते आवाज," तानाबाई शांतपणे म्हणाली. "पण बेटा, मायले आपल्या पोराचा आवाज समजते. हा माह्या ऋतिकचा नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कोणाचा हाय?"

आवाज मुद्दाम जाड केलेला होता. संघर्षनं तो पहिल्याच शब्दाला ओळखला होता.

"माहीत नाही, काकू."

"पाणी तरी पेऊन जाय..."

तो थांबला नाही.

हे सगळं त्यानं मला सीमेवरून फोनवर सांगितलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ताई, हजेरीत माझं नाव येते. मी तोंड उघडतो... त्याच्या आधीच मांगच्या रांगेतून उत्तर येते. ऋतिकच्या आवाजात. साहेब पुढचं नाव घेतात. बाकी कोणालेच काही वाटत नाही."

"तू तानाबाईंना खरं सांग, संघर्ष. आजच."



"संख्या रोज जुळते, ताई. मी असो नसो."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीच त्याच्या तुकडीत फोन लावून विचारलं.

"काळजी करू नका," तिकडून सांगितलं. "हजेरीला रोज असतो."