सगळ्यांत एकटा राक्षस

मंचरहून सुटलेली एसटी कळंबच्या पुढे आली आणि समोरच्या सीटवरचं पोर एकदम किंचाळलं, "आयं, भूत!"

राखीनं पुस्तकातून मान वर केली. पोराचं बोट तिच्या शेजारी बसलेल्या तरुणाकडे होतं. त्याच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, टाक्यांचे जाड वण होते.

"लेकरू हाय, भाऊ... मनावर घिऊ नका," पोराची आई ओशाळून म्हणाली.

तो हसला, पण हसू अर्ध्याच चेहऱ्यावर उमटलं. "कोणतं भूत, ते तरी सांग की रं."

पोर पदराआड गेलं. तो खिडकीच्या काचेवरून ओघळणारा पाऊस बघत राहिला. राखीला गप्प बसवेना.

"रक्त पिणाऱ्यांपैकी तर नक्कीच नाही," ती म्हणाली. "ते देखणे असतात."

"म्हंजे मी देखणा न्हाई?"

"तसं नाही हो—" ती गोरीमोरी झाली.

आता मात्र तो मनापासून हसला. तिच्या मांडीवरचं पुस्तक भयकथांचं होतं. राखी मंचरच्या जैन कापडदुकानदार सुवालालजींची मुलगी. जुन्नरला एम.ए. करत होती, आणि गोष्टींतल्या राक्षसांवरच तिला प्रबंध लिहायचा होता.

"मग सगळ्यांत भयंकर कोण?" त्यानं विचारलं.

"पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस. आपलं काय होणार हे त्याला माहीत असतं... आणि थांबवता येत नाही."

"आणि तो, मढ्यांचे तुकडे शिवून केलेला?"

राखीची नजर त्याच्या टाक्यांवर गेली. तिनं ती मुद्दाम हलवली नाही.

"तो भयंकर नाही. तो सगळ्यांत एकटा आहे."

नारायणगाव आलं. उतरताना तो थांबला. "हे पुस्तकात हाय का?"

"नाही. आत्ता सुचलं."

त्याचं नाव संयम. तोही जैनच; पिंपरी पेंढारला त्यांचं ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान होतं. माल बघायला तो दर गुरुवारी मंचरला येई. मग राखीही गुरुवारी तीच गाडी धरू लागली. हडळ बरी की खवीस, कबरीतून उठणारा जास्त दुःखी की आरशात न दिसणारा... वाद नारायणगावपर्यंत पुरे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

एकदा त्यानं आपण होऊन सांगितलं. गिऱ्हाइकाच्या उसात पाइप पोचवायला गेला होता. बिबट्याची मादी अंगावर आली. "तिची पिल्लं व्हती आत. तिला वाटलं, मीच राक्षस." मग तो म्हणाला, "तिच्यावर राग न्हाई माझा. लोकं बघून नजर वळवतात ना, त्याचा लई येतो."

भाद्रपद सरता सरता राखी म्हणाली, "मी घरी सांगणार आहे."

"काय?"

"तुला माहितीये काय."

त्याचा चेहरा उतरला. "नको, राखी. दया येऊन कुणी लग्न करू नये."

"दया आली असती, तर त्या दिवशी मी गप्प बसले असते!"

तो मधेच, पावसात, उतरून गेला. पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेना.

शेवटी राखी पिंपरी पेंढारला गेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. आतल्या दारात संयमची आई, उगमबाई, उभ्या होत्या. राखीनं कुणाचीच पर्वा केली नाही.

"घरी सांगून आलेय," ती म्हणाली. "पप्पा बोलत नाहीत. मम्मी रडतेय. पण 'नाही' असं अजून कुणी म्हटलेलं नाही. फक्त तू म्हटलंस."

संयमच्या हातातला पाइप खाली पडला.

"मला भीती वाटते," तो हळूच म्हणाला.

"कशाची?"

"हे तोंड रोज बघून... तू कंटाळशील."

"कंटाळेन की. बायका नवऱ्याला कंटाळतातच. म्हणून काय कुणी लग्न करायचं थांबतं?"

एक गिऱ्हाईक खुदकन हसलं आणि लगेच पाइप निरखू लागलं. संयम हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"मला तू पाहिजेस, राखी," तो म्हणाला. "लई दिवसांपासून."

बाहेर पाऊस उघडला होता, ऊन कलतं झालं होतं. उगमबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"सूर्य मावळायच्या आत पानं वाढते," त्या म्हणाल्या. "दोघंही हात धुऊन या."