स्ट्राँगरूममधलं उत्तर

बँकेच्या मुख्य कचेरीचा इतिहास स्मरणिकेसाठी मीच लिहावा, असं साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. निवृत्तीच्या तोंडावर हे लचांड! जुनी इमारत विकून कारभार नव्या, काचेच्या इमारतीत जायचा होता. माझा जीव मात्र घरी अडकलेला. ही अंथरुणाला खिळलेली, दिवसभर एकटी. "एकदाचे सुटा आणि माझ्याजवळ बसा," एवढंच तिचं मागणं.

लिहिण्यासारखं होतं तरी काय? दगडी जिना, झिजलेले पितळी कठडे, तळघरातली स्ट्राँगरूम. आणि तिथली एक रीत. पूर्वी कधीतरी एक कारकून चुकून आत कोंडला गेला होता म्हणे. तेव्हापासून दार लावण्याआधी मी बाहेरून विचारायचं, "कोणी आहे का आत?" कॅशियरने कपाटांमागे फिरून सांगायचं, "कोणी नाही." मग दोघांच्या किल्ल्या फिरायच्या. दाराकडे पाठ करून, वहीत वेळ टिपता टिपताच मी विचारायचो; माझी अख्खी नोकरी ह्या हाकेत गेली.

शेवटच्या आठवड्यात कॅशियरचा घसा पार बसला. तरी संध्याकाळी मी सवयीने हाक मारली आणि आतून स्वच्छ उत्तर आलं, "कोणी नाही." कोरडा, थकलेला आवाज. किल्ली काढत मागे वळलो, तर कॅशियर जिन्यावर बसलेला, गळ्याला मफलर.

"अहो, मग आत कोण बोललं?"

तो कसाबसा कुजबुजला, "मला वाटायचं, तुम्हीच विचारता, तुम्हीच उत्तर देता. गुडघे गेल्यापासून मी आत जातोय कुठे?"

बॅटरी घेऊन दोघांनी कपाटामागचं कपाट पाहिलं. कोणी नव्हतं. खरं सांगतो, भीतीपेक्षा कंटाळाच जास्त आला. जाता जाता कुठे नसती भानगड, म्हणून आम्ही तोंडं मिटली. स्मरणिकेतही मी त्यातलं काही लिहिलं नाही.

शेवटच्या दिवशी स्ट्राँगरूम रिकामी झाली. मी हाक मारली.

उत्तर नाही.

पुन्हा मारली. नाही.

"सुटला बिचारा," कॅशियर म्हणाला. "आपल्याआधी घरी गेला."

दोघंही हसलो. किल्ल्या साहेबांच्या हवाली केल्या.

घरी पोचलो तेव्हा बाहेर चांगला उजेड होता. कुलूप काढलं आणि बूट काढता काढताच ओरडलो, "अगं, सुटलो एकदाचा! जागी आहेस ना?"

हिच्या खोलीतून तोच कोरडा, थकलेला आवाज आला.

"कोणी नाही."