आई आणि मावशी

सरकारच्या जनुकीय नातेपटावर जी नोंद असेल तेच नातं खरं, असा कायदा होऊन वीस वर्षं झाली होती. त्यामुळे सुनंदा कांडेकरांना स्वतःच्या शाळकरी लेकीच्या, ईश्वरीच्या, मणक्याच्या ऑपरेशनसाठी संमतीची सही करता येईना. नातेपटाची वेबसाइट एकदा उघडली की त्या ‘आई’ दिसत, पुन्हा उघडली की ‘मावशी’. नवरा हयात नव्हता, ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं आणि मावशीची सही चालत नव्हती.

ती साइट तन्वीर मुलाणी सांभाळायचा. घोळ त्याला तासाभरात सापडला. साइट प्रत्येकाचा जनुकीय आराखडा दोन खासगी प्रयोगशाळांकडून मागवायची आणि जिचं उत्तर आधी येईल ते दाखवायची. सुनंदाताईंचे दोन आराखडे एकमेकांशी जुळत नव्हते. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार असं धरून त्याने त्यांना बोलावलं आणि समोर बसून नवे नमुने घ्यायला लावले. निकाल तेच आले. एक प्रयोगशाळा रक्त तपासायची, दुसरी गालाच्या आतली त्वचा. फरक होता तो एवढाच. आता तन्वीरला चैन पडेना. तो जनुकतज्ज्ञ डॉ. वैदेही कामेरकरांकडे गेला.

“चूक कुणाचीच नाही,” कागद पाहून त्या म्हणाल्या. “यांच्या आईच्या पोटात जुळ्या मुली होत्या. पहिल्या काही दिवसांतच दोन्ही गर्भ एकमेकांत मिसळले आणि एकच मूल जन्माला आलं. आम्ही याला जुळदेह म्हणतो. रक्त एकीचं, त्वचा आणि बीजांडं दुसरीची.”

“मग यातली सुनंदा कोणती?”

“ते जनुकं सांगत नाहीत.”

तन्वीरने हे सगळं सुनंदाताईंना सावकाश समजावून सांगितलं. एका माणसाला दोन आराखडे नातेपट देत नसे. रक्ताची नोंद वेगळी बहीण म्हणून केली, तरच त्यांचं आईपण टिकणार होतं. मग बहिणीचं नाव त्यांनी सांगितलं : सुनयना.

जन्मतारीख एकच होती. खालच्या रकान्यात मृत्यूची तारीख विचारली होती. तन्वीरने चाचरत विचारलं, तिथे काय लिहू?

सुनंदाताईंनी आपलं मनगट दोन बोटांनी धरलं. “काही लिहू नका,” त्या म्हणाल्या. “चालू आहे.”

ईश्वरीचं ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्याभराने कांडेकरांच्या घरी मतदानाच्या दोन चिठ्ठ्या आल्या.