छातीच्या उंचीवरचं माप

हे खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. गेल्या उन्हाळ्यातला रविवार. दुपारचे अडीच. माझ्या मुलीच्याच शाळेचा व्यायामाचा हॉल.

माझं काम हवा तपासायचं. काही जुन्या रबरी फरश्यांत पारा असतो. फरशी तापली की त्याची वाफ निघते. दिसत नाही, वासही येत नाही; पण वर्षानुवर्षं श्वासातून अंगात गेली की हात थरथरायला लागतात. मागच्या वर्षी हाच हॉल मीच 'सुरक्षित' म्हणून पास केला होता.

दार उघडलं आणि वास अंगावर आला. कोंदट रबर, घाम, ओले मोजे. फरशी चघळलेल्या च्युइंगमसारखी बुटांना चिकटत होती. शी!

"खिडक्या बंद का?"

"धूळ येते हो." मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून दारातच उभे. "व्यायामाच्या बाई वारल्या, दोन वर्षं जागा रिकामीच आहे. शेवटी शिट्टीसुद्धा धरवेना, इतके हात थरथरायचे त्यांचे. आता मुलं आपली इथे लोळतात. उरका लवकर, चहा सांगितलाय."

ते गेले.

मी वाफ मोजायचं यंत्र छातीशी धरलं, नेहमीसारखं. आकडा ठीक होता.

निघणार तोच...

श्वास.

खालून. एक नाही... रांगेने, बारीक बारीक. मुलं पाठीवर झोपून घेतात तसे.

हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

"कोण आहे?"

सगळे श्वास एकदम थांबले.

मग माझा हात थरथरायला लागला. हात माझा होता... थरथर माझी नव्हती. कुणीतरी तो खाली ओढत होतं. माझे गुडघे टेकले. फरशी अंगासारखी कोमट लागली.

यंत्र फरशीपासून वीतभर उंचीवर आलं आणि किंचाळलं.

मर्यादेच्या सहापट!

मला तिथेच ओकारी झाली. फरशीची किळस आली, त्याहून जास्त स्वतःची. मुलं कुठे श्वास घेतात, ते मी कधी मोजलंच नव्हतं.

"उभ्याने घेतलेलाच आकडा लिहा ना, मागच्यासारखा," यंत्राचा आवाज ऐकून परत आलेले मुख्याध्यापक दारातून म्हणाले.

मी खालचा आकडा लिहिला. हॉलला कुलूप लागलं.

घरी आल्यावर लेकीला जवळ घेतलं. "चिमणे, हॉलमध्ये तुम्ही फरशीवर झोपता?"

"आधी झोपायचो. आता बाई झोपूच देत नाहीत. सारख्या म्हणतात, उठा, बाहेर पळा."

"कुठल्या बाई गं?"

"व्यायामाच्या. त्यांचे हात थरथरतात बघ, त्या."

जे काम माझं होतं, ते त्या बाई करत होत्या... मेल्यावर.

आता कुठल्याही शाळेत गेलो की मी आधी खाली वाकतो. आणि दरवेळी, फरशीजवळ पोचताच, हात थरथरतो.