सहाशे नव्वद किलोमीटरची साक्ष

"माफी मागणार नाही म्हणजे नाही!"

दारातूनच ओरडत जेरोतिच आत आली. डोंगरावरच्या एल्डोरेटची ही धावपटू दुपारच्या विमानाने समुद्रकाठच्या मोंबासाला उतरली होती, आणि तिथून बी रुकियाच्या घरापर्यंत बहुधा पळतच आली होती.

बी (म्हणजे बाई) रुकियाने तीस वर्षं विमानतळावर हवामान नोंदवायची नोकरी केलेली. नुसत्या आवाजावरून विमान कुठलं ते ती ओळखायची. वैमानिक काय जेवलाय तेही सांगायची, असं तिचा टुकटुकवाला, म्हणजे तीनचाकी रिक्षावाला, दोस्त कोम्बो शपथेवर सांगतो. आता ती लोकांच्या भानगडी सोडवते.

"क्लबचा चांदीचा चषक," जेरोतिच म्हणाली. "आज सकाळी साडेसहाला एल्डोरेटच्या कपाटात होता, सातला नव्हता. किल्ल्या दोनच. एक माझी, एक सचिव अरुसेईंची. ते परवापासून इथे मोंबासात. म्हणजे चोर मी! संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या माफीनाम्यावर सही केली नाही, तर इथल्या उद्याच्या शर्यतीतून बाद."

"तू बाद झालीस तर कोण धावणार?"

"त्यांची भाची. तिला दोनदा हरवलंय मी."

बी टुकटुकमध्ये बसली आणि तिने नाक वर केलं. "कोम्बो, गुलाबांचा वास? लग्न ठरलं की काय तुझं?"

"कुठलं नशीब, बी! सकाळी नऊला एल्डोरेटचं मालविमान उतरलं. फुलांच्या पेट्या वाहिल्या."

अरुसेई हॉटेलच्या बागेत बसले होते. पायाशी पिशवी, टेबलावर माफीनामा, पेन आणि पाण्याची अर्धी बाटली. बाटली कमरेत चेपलेली, झाकण घट्ट.

"सकाळी सातला कुठे होतात, साहेब?"

"इथेच. एल्डोरेटहून गाडीने चौदा तास लागतात, बाई. प्रवासी विमान फक्त दुपारचं. यादी बघा."

"विमानतळावर फोन करून विचारलं. तुमचं नाव नाही."

कोम्बोचं तोंड उतरलं.

"घसा सुकला हो. तुमचं पाणी घेऊ?"

"घ्या की. इथेच भरलंय. सकाळी अर्धं प्यायलो, मग हातही लावला नाही."

बीने झाकण फिरवलं. फुस्स! टकटक करत बाटली ताठ झाली.

"पोरी, सही कर," अरुसेई म्हणाले.

"नाही."

"तिने करूच नये," बी म्हणाली. "एल्डोरेट दोन हजार मीटर उंचावर. तिथली हवा विरळ. तिथे झाकण आवळलेली बाटली समुद्रकाठी आणली की इथली दाट हवा तिला चेपते. इथेच बंद केलेली बाटली कशाला चेपेल?"

"मी हाताने दाबली असेन!"

"आत्ताच म्हणालात, हातही लावला नाही. आणि बंद बाटली दाबली असती, तर हवा बाहेर आली असती. ही आत खेचली गेली."

"आणि मी आलो कसा? उडून?"

"उडूनच. सहाशे नव्वद किलोमीटर, दीड तास. सातच्या आत चषक उचललात, साडेसातला मालविमानात बसलात, नऊला मोंबासात. कोम्बोच्या गुलाबांबरोबर. काल गेलातही तसेच. मालविमानाला प्रवाशांची यादी कुठली?"

"बापरे," कोम्बो पुटपुटला, "मीच साक्षीदार!"

अरुसेईंचा हात पिशवीकडे गेला. पण जेरोतिचशी शर्यत! पिशवी तिच्या हातात होती, आणि आत चांदी खणखणली.

तिने माफीनामा त्यांच्यासमोर सरकवला.

"माझं नाव खोडा, तुमचं घाला. पाचाला दहा मिनिटं आहेत, साहेब."