ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं

बस अशी. या इमारतीचा चार्ज घ्यायला आली आहेस, सामानाच्या यादीवर सह्याही करशील, पण तळघरातल्या लिफ्टच्या मेन स्विचबद्दल यादीत काही लिहिलेलं नाही. ते तोंडीच सांगावं लागतं. हसू आलं तर खुशाल हस. बावीस वर्षं मॅनेजरकी केली, गळक्या नळांपासून नवरा-बायकोच्या भांडणांपर्यंत सगळं निस्तरलं. मी काही पान हललं की दचकणाऱ्यांतली नाही.

तर दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून लिफ्टचं काम चालू होतं आणि लोकांनी माझं डोकं खाल्लं होतं. शेवटी नव्या मेकॅनिकने फोन केला, 'काम झालं मॅडम, माझं कुलूप मघाशीच काढलंय, स्विच तुम्ही चालू करा, मी निघालो.' मी हातातला चहा तसाच ठेवला आणि तळघरात उतरले.

आमच्याकडे एक नियम आहे. माझाच आहे तो. लिफ्टच्या खड्ड्यात जो उतरेल त्याने आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. वर आला की त्यानेच काढायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा लागून गेलेला असो. कुलूप आहे म्हणजे आत माणूस आहे, इतकी साधी गोष्ट.

ही अक्कल मला उशिरा आली. त्याच्या दोन वर्षं आधी याच खड्ड्यात आमच्या जुन्या मेकॅनिकचा जीव गेला होता. त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे, कारण दर दोन वाक्यांमागे तो हाच शब्द बोलायचा. जिन्यावरून पळणाऱ्या पोरांना, चिडलेल्या आजोबांना, मलासुद्धा. 'सावकाश मॅडम, लिफ्ट कुठे पळून जात नाही.' त्या दिवशी तो स्विच बंद करून खाली उतरला आणि कोणीतरी स्विच चालू केला. मी दातांच्या डॉक्टरकडे होते. परत आले तेव्हा वॉचमन भिंतीला टेकून बसला होता. 'चेअरमनसाहेब खाली आले होते,' एवढंच तो बोलला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने शब्द फिरवला. चौकशीच्या कागदावर आलं की मेकॅनिकने स्विच बंदच केला नव्हता, सगळा हलगर्जीपणा त्याचाच. त्या कागदाखाली माझी सही आहे. का केली म्हणून विचारू नकोस. नोकरी जाईल म्हणून घाबरले, आणखी काय.

असो. मी खाली गेले. तळघरातला दिवा नेहमीसारखा मिणमिणता, जुन्या तेलाचा आणि कोंदट पाण्याचा वास. पॅनेलपाशी पोचले आणि बघते तर स्विचला कुलूप. मेकॅनिकचं लाल, लांबूनच दिसणारं. हे तसलं नव्हतं. छोटं, पितळी, पत्र्याच्या पेटीला लावतात तसलं, तेलाने माखलेलं. बोट लावलं तर ते गरम लागलं.

मी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, 'माझं माझ्या बॅगेत आहे मॅडम. मी काढलं तेव्हा दुसरं कुठलं नव्हतं.'

मी खड्ड्याच्या लोखंडी दारापाशी जाऊन हाक मारली. 'कोण आहे आत?' उत्तर नाही. दार ढकललं, ते आतून काहीतरी अडल्यासारखं हलेना. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले आणि चेअरमनसाहेब आले. त्यांच्या घरी चार वाजता पाहुणे यायचे होते, सहाव्या मजल्यावर.

"अजून चालू नाही केली?"

"कुलूप आहे, साहेब."

"कोणाचं?"

"माहीत नाही."

"मग तोडा की. खाली कोणी असतं तर ओ दिली नसती का?" आणि माझं उत्तर यायच्या आत ते वॉचमनच्या खोलीतून कुलूप कापायची मोठी कात्री घेऊन आलेसुद्धा. यांना हवी ती वस्तू बरोबर सापडते.

खरं सांगू का, क्षणभर माझंही मन डगमगलं. बावीस वर्षांची नोकरी, आणि समोर हा माणूस. पण मग त्या कागदावरची माझी सही डोळ्यांपुढे आली आणि मस्तकात तिडीक गेली. मी सरळ पॅनेलला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला व्हा."

"होणार नाही. हे ज्याचं आहे तोच काढेल."

"उद्या कामावर यायचंय ना तुम्हाला?"

"उद्याचं उद्या बघू. आधी मला कापा, मग ते कुलूप."

ते काही बोलणार इतक्यात खालून आवाज आला. ठक्... ठक्... लोखंडावर हळूहळू ठोकल्याचा. साहेबांच्या हातातली कात्री खाली आली. मी दाराला खांदा लावून जीव खाऊन ढकललं आणि आता मात्र ते लोण्यासारखं उघडलं.

टॉर्च मारला. खाली गेल्या वर्षी कामाला लागलेली सफाईवाली मावशी बसली होती, घोट्यापर्यंत काळ्या पाण्यात, हातात फडकं.

सकाळी मीच तिला सांगितलं होतं, मेकॅनिकचं काम झालं की खड्ड्यातलं पाणी पुसून घे म्हणून. आणि साफ विसरले. कुलपं मी मेकॅनिकला दिली, वायरमनला दिली, रंगाऱ्यालाही दिली. तिला दिलं नव्हतं. खाली उतरणाऱ्यांत मी तिला धरलंच नव्हतं, बाई. नियम करणारी मी, आणि जिच्या हातात फडकं ती माझ्या हिशेबात माणूसच नाही. लाजेने तोंड लपवावंसं वाटलं.

तिला हाताला धरून वर ओढलं. पाय सुजला होता.

"घसरले," ती म्हणाली. "पाय तळाच्या त्या मोठ्या स्प्रिंगखाली अडकला आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली. जाग आली तर हा बाबा पाय सोडवत होता. म्हणाला, सावकाश ताई, मी कुलूप लावलंय, आता कोणी चालू करणार नाही... फार चांगला माणूस. कोण आहे तो?"

साहेबांची नजर पॅनेलवरच्या पितळी कुलपाकडे गेली.

"त्याला घ्या ना वर," मावशी म्हणाली. "तुम्ही मलाच ओढलंत. त्याने हात वर केला होता."

मी पुन्हा टॉर्च मारला. चार भिंती, स्प्रिंग, पाणी. पाणी हलत होतं, ते मावशीमुळेही असेल.

"झालं ना? कोणी नाही आत," चेअरमन म्हणाले, पण आवाज भलताच बारीक निघाला. "आता तरी तोडा."

"नाही तोडणार." मी खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकले. राग भीतीपेक्षा मोठा होता. खाली वाकून बोलले, "ऐका. मी खोट्या कागदावर सही केली. तुमची काही चूक नव्हती. आज संध्याकाळच्या आत मी खरं काय ते लिहून देते, मग माझं काहीही होवो. तुम्ही वर या. तुमचं कुलूप तुम्हीच काढा."

"वेड लागलंय का तुम्हाला..." साहेब कुजबुजले.

खड्ड्यातून गार वारा आला, ग्रीसच्या वासाचा, आणि माझ्या कानाजवळून गेला. मावशीने पदर सावरून वाट दिल्यासारखं अंग बाजूला घेतलं. मागे 'कट्' असा आवाज झाला. मी वळले. दांड्याला कुलूप नव्हतं आणि स्विच चालू झाला होता. आम्ही तिघंही त्याच्यापासून सात-आठ पावलांवर होतो.

लिफ्ट हलली. तळघरातल्या लिफ्टच्या दारावरचे आकडे लागत गेले. एक. दोन. तीन. पुढचे मी मोजले नाहीत, साहेब मोजत होते, ओठ हलत होते त्यांचे. सहावर ती थांबली.

मग त्यांचा फोन वाजला. गडबडीत त्यांचं बोट स्पीकरच्या बटणावर पडलं आणि आवाज मोठ्याने आला. त्यांची बायको होती, घाईत, पाहुण्यांच्या तयारीत.

"अहो, लिफ्टवाले आलेत घरी. हात बघा कसे ग्रीसने भरलेत, सोफ्यावर बसा तरी कसं म्हणू? तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. तोवर घरातला मेन स्विच कुठाय ते विचारतायत. दाखवू का?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले, दोन वर्षांत पहिल्यांदा विनवणी केल्यासारखे. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"नको वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही शेजारी जाऊन बसा. साहेब येतायत वर, तेच दाखवतील."