दिवेलागणीच्या आत

काउंटरवर दहा गठ्ठे होते. प्रत्येकात पंचवीस, म्हणजे अडीचशे पत्रकं. आणि अडीचशेच्या अडीचशे चुकीची. ओझर ते कोल्हापूर विमानाने साडेचारशे किलोमीटर, पन्नास मिनिटं, असं छापलं होतं. २००४ चा डिसेंबर होता. नाशिकच्या त्या प्रवास कचेरीत मोहिनीला लागून चारच महिने झाले होते, पण बीएस्सीला तिचा विषय भौतिकशास्त्र होता.

"हे अंतर एसटीचं आहे," पत्रकं घेऊन आलेल्या तरुणाला ती म्हणाली. "तुमचं विमान काय पुण्याला चहाला थांबतं?"

तो हसला. ललित, नव्या अठरा आसनी विमानसेवेचा कोल्हापूरचा माणूस. तिने नकाशावर दोरा ताणला. साडेअडतीस सेंटिमीटर, म्हणजे तीनशे पंच्याऐंशी किलोमीटर. ताशी चारशेच्या वेगाने अठ्ठावन्न मिनिटं. दोऱ्याचं दुसरं टोक त्याच्या बोटाखाली होतं… मोजून झालं, तरी बोट उचललं गेलं नाही.

पत्रकं हातानेच दुरुस्त करायची ठरली. एका दिवसाचं काम ललितने तीन दिवस पुरवलं. मग तो दर आठवड्याला येऊ लागला, आणि फेब्रुवारीत त्याने विचारलंच. मोहिनी म्हणाली, माझी हरकत नाही, आमच्या तुळशीची आहे.

दिंडोरीला मोहिनीच्या घराण्यात एक नेम होता. सासरी असलेल्या लेकीला सणाला आणायला जाणारा मुराळी सकाळी निघून, तिला घेऊन, तुळशीपुढे दिवा लागायच्या आत परतला पाहिजे. त्याहून लांब लेक द्यायची नाही. चारही आत्या याच मापाने दिलेल्या.

"कोल्हापूर लय लांब हाय, मोहने," द्राक्षं खुडता खुडता तिचे वडील, अप्पा, म्हणाले.

"मोजलंय का तुम्ही? उद्या मीच मुराळी होते, त्याला घेऊन येते. वेळ चुकली तरी लग्न त्याच्याशीच करीन, अप्पा. पण नेम मोडला, हे कबूल करून करीन."

दिवा वेळेवर लागेल, एवढंच अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला ललित पिशवी घेऊन तयार होता. "तू मुराळी, म्हणजे मी माहेरवाशीण?"

"हो. मुकाट्याने चल."

परतीचं विमान अठ्ठावन्न मिनिटांत ओझरला उतरलं. तिने घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"एवढी अचूक असलीस, तर जन्मभर ऐकावं लागेल मला," तो म्हणाला.

"ऐकशील?"

"अडीचशे पत्रकं ऐकली ना—"

आकाशातलं सगळं तिने मोजलं होतं. राहिला तो घरचा रस्ता. बागायतदाराची लेक, आणि हंगाम विसरली… क्रेट भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग दिंडोरीपर्यंत लागली होती. जीप त्यांच्यामागे सरपटत राहिली आणि सूर्य बुडाला. ललित म्हणाला, मी वेशीवरच उतरतो, तू आधी बोल त्यांच्याशी.

"हात सोडू नकोस," मोहिनी म्हणाली. "उशिरा आलोय, चोरून नाही."

अंगणात अंधार होता. तुळशीपुढे पणतीत तेल होतं, वात होती. आगपेटी अप्पांच्या मुठीत होती, आणि आई त्यांच्याशी भांडून दमून पायरीवर बसली होती. अप्पांनी ललितला खालून वर न्याहाळलं. पाय धुऊन घ्या, म्हणाले, आणि काडी ओढली.

मोहिनीने घड्याळ पाहिलं. सूर्यास्त सहा पस्तीसला झाला होता. दिवा सात वाजून तेरा मिनिटांनी लागला.